रक्तांतील यादवी

श्रावण सरून भाद्रपद लागला, म्हणजे आमच्या गिरगांव-दादरकडील घरांत दोन पाहुणे ठरल्याप्रमाणें येतात. एक गजानन; त्याच्या आगमनाची तयारी महिनाभर आधीं चालते. दुसरा ताप, त्याची तयारी कोणीच करीत नाहीं. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत मुंबईच्या रुग्णालयांतील खाटा ज्या तापांनीं भरतात, त्यांत हिंवताप आहे, लेप्टोस्पायरोसिस आहे आणि डेंग्यू आहे. पहिल्या दोहोंविषयीं पुढें केव्हां तरी लिहूं. या खेपेस डेंग्यूविषयीं, आणि त्यांतही एका विशिष्ट गोष्टीविषयीं, चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे. ती गोष्ट अशी कीं, या तापांत रोग्यास खरा धोका बहुधा ताप चढलेला असतो तेव्हां नसून तो उतरतो तेव्हां असतो. आणि असें कां होतें, याचें उत्तर केवळ डांसाच्या किंवा विषाणूच्या ठिकाणीं शोधून मिळत नाहीं, तें रोग्याच्या स्वतःच्या रक्तांत शोधावें लागतें.

हाडमोड्या ताप हें या दुखण्याचें देशी नांव. तें अगदीं यथार्थ आहे. अंग ठेचून काढल्यासारखें दुखतें, डोळ्यांच्या मागें कळ उठते, आणि ताप १०३-१०४ अंशांपर्यंत जातो. १८७१-७२ च्या सुमारास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून एडनमार्गें असाच एक ताप मुंबई बंदरांत उतरला व येथून देशांत पसरला. त्या काळीं त्यास डेंग्यू असेंच म्हटलें गेलें. मात्र सांध्यांच्या दुखण्याचीं वर्णनें पाहून तो आज ज्यास आपण चिकुनगुन्या म्हणतों तो असावा, असें कांहीं अभ्यासकांस वाटतें. डेंग्यूचा विषाणु प्रत्यक्ष हातीं लागला तो दुसऱ्या महायुद्धांत. १९४३ सालीं जपानांत नागासाकी येथें किमुरा व होत्ता यांनीं, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकन सैन्यासाठीं काम करणाऱ्या आल्बर्ट सेबिन यांनीं तो वेगळा काढला. सेबिन यांच्या नमुन्यांत भारतांत आजारी पडलेल्या सैनिकांचेंही रक्त होतें.

पुढें या विषाणूच्या चार जाती आहेत असें ठरलें. चारही जातींचा ताप दिसावयास एकसारखाच. एका जातीचा ताप येऊन गेला म्हणजे त्या जातीपुरतें कवच जन्मभर मिळतें. इतर तीन जातींपासून मात्र थोडे महिनेच संरक्षण असतें. म्हणजे एकाच मनुष्यास हा ताप आयुष्यांत चार वेळां येऊं शकतो. "मला डेंग्यू होऊन गेला आहे, आतां भीति नाहीं," असें जें आपण पुष्कळांच्या तोंडून ऐकतों, तें म्हणूनच चुकीचें आहे. इतकेंच नव्हे, तर वस्तुस्थिति नेमकी त्याच्या उलट आहे.

१९५३-५४ सालीं मनिला येथें आणि १९५८ सालीं बँकॉक येथें लहान मुलांत एक नवाच प्रकार दिसूं लागला. तीन-चार दिवस ताप येई, तो उतरे, आईबाप सुटकेचा श्वास टाकीत. आणि त्याच दिवशीं मुलाचे हातपाय गार पडत, नाडी मंद होई, कोठें कोठें रक्तस्राव होई, आणि मूल हातचें जाई. हाडें मोडणारा परंतु सहसा जीव न घेणारा ताप एकाएकीं असा घातक कां व्हावा? बँकॉक येथें काम केलेले अमेरिकन डॉक्टर स्कॉट हॉलस्टेड यांनीं रोग्यांचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हां असें आढळलें कीं घातक प्रकार बहुतांशीं दुसऱ्यांदां डेंग्यू होणाऱ्यांत दिसतो. पुढें क्यूबा बेटानें याची साक्ष दिली. तेथें १९७७ सालीं पहिल्या जातीची सांथ आली, ती सौम्य होती. १९८१ सालीं दुसऱ्या जातीची आली; तींत ३,४४,००० हून अधिक लोक आजारी पडले आणि १५८ दगावले.

याची उपपत्ति अशी लावितात. पहिल्या तापांत शरीर त्या जातीच्या विषाणूवर नेम धरून प्रतिपिंडें तयार करतें. दुसऱ्या खेपेस भिन्न जातीचा विषाणु आला म्हणजे हीं जुनीं प्रतिपिंडें त्यास चिकटतात, परंतु त्यास निकामी करूं शकत नाहींत. आपल्या शरीरांतील भक्षक पेशींस असें शिक्षण असतें कीं, प्रतिपिंड चिकटलेली वस्तु दिसली कीं ती आंत ओढून घ्यावयाची. त्या विश्वासानें हा विषाणूही आंत घेतात. आणि त्या पेशींच्याच पोटांत त्याची पैदास होते. पहारेकऱ्यानें ओळखीचा शिक्का पाहून दार उघडावें आणि आंत शत्रु शिरावा, तशांतला हा प्रकार. प्रतिपिंडें भरपूर असलीं तर रक्षण होतें, मुळींच नसलीं तर ही फसगत होत नाहीं. मधल्या प्रमाणांत असलीं म्हणजे घात होतो. निकाराग्वा देशांतील मुलांवर अनेक वर्षें लक्ष ठेवून २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें या म्हणण्यास बळकटी आणिली.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. विषाणु इतका वाढला म्हणजे शरीराची संरक्षक सेना सर्व बाजूंनीं जागी होते. सेना जागी झाल्याच्या खुणा रक्तांत उमटतात. आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं त्या एकेक करून वाचावयास शिकून घेतल्या आहेत. १९९१ सालीं कुराने, एनिस व त्यांचे सहकारी यांनीं थायलंडांतील डेंग्यूग्रस्त मुलांचें रक्त तपासलें. पांढऱ्या पेशींतील टी-पेशी चेतल्या म्हणजे त्यांच्या अंगावरील कांहीं प्रथिनें सुटून रक्तांत उतरतात. इंटरल्यूकिन-२ चा ग्राहक हें त्यांपैकीं एक. तें, आणि त्याबरोबर गॅमा इंटरफेरॉन, या मुलांच्या रक्तांत पुष्कळ वाढलेलें आढळलें. लढाई संपल्यावर मैदानांत पडलेल्या ढालींवरून किती सैनिक लढले याचा अदमास करावा, तशीच ही रीत आहे.

अशा खुणा आतां अनेक माहीत झाल्या आहेत. गॅमा इंटरफेरॉनचा हुकूम मिळाला कीं भक्षक पेशी निओप्टेरिन नांवाचा पदार्थ सोडूं लागतात. तो डेंग्यूंत लौकर चढतो. इंटरल्यूकिन-६, ८ व १० हे पेशीपेशींमधील निरोपे वाढतात. त्यांपैकीं कांहीं आग लावणारे, तर दहावा ती विझवूं पाहणारा. फेरिटिन हें वस्तुतः शरीरांतील लोह सांठविणारें प्रथिन, पण भक्षक पेशी खवळल्या म्हणजे तेंही रक्तांत उसळतें. मास्ट पेशी, ज्या एरवीं पित्ताच्या गांधी उठवितात, त्या कायमेज नांवाचें द्रव्य ओततात. २०१३ सालीं सिंगापूरच्या संशोधकांनीं त्याचा संबंध रक्तवाहिन्यांच्या गळतीशीं जोडून दाखविला. आणि स्वतः टी-पेशींच्या अंगावर जणू युद्धाचे बिल्ले दिसूं लागतात. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं भारतीय रोग्यांच्या रक्तांत अशा चेतलेल्या टी-पेशी मोठ्या प्रमाणावर असल्याचें प्रसिद्ध केलें.

महाभारतांतील मौसलपर्व आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. कुरुक्षेत्रावरील संग्रामांतून जे यादव सुरक्षित परत आले, ते पुढें प्रभासक्षेत्रीं आपसांतच लढून मेले; शत्रूस जें साधलें नाहीं तें त्यांनीं स्वतःच्या हातानें केलें. यावरूनच घरांतल्या घरांत माजणाऱ्या कलहास आपण यादवी म्हणतों. डेंग्यूच्या उत्तरार्धांत रक्तांत जें घडतें त्यास हाच शब्द शोभेल. कारण लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, रोगी अत्यवस्थ होतो त्या सुमारास रक्तांतील विषाणु बहुधा ओसरूं लागलेला असतो. शत्रु मागें हटत असतां सेना मात्र शांत होत नाहीं. तिनें सोडलेल्या द्रव्यांमुळें बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतील सांधे सैल होतात आणि रक्तांतील पाणी व प्रथिनें बाहेर झिरपूं लागतात. छातींत, पोटांत पाणी जमतें. नळ फुटत नाहीं, नळाचे जोड गळूं लागतात. रक्त कोठें सांडलेलें दिसत नाहीं, तरी वाहिन्यांतील द्रव कमी होत जातो, रक्तदाब ढांसळतो, आणि हृदयास ढकलण्यापुरतेंही पाणी उरत नाहीं.

सर्व दोष आपल्याच सेनेस देणें मात्र योग्य होणार नाहीं. विषाणूचें एनएस-१ नांवाचें प्रथिन, ज्यावरून पहिल्या दिवसांत डेंग्यू ओळखतात, तें स्वतःही वाहिन्यांचें अस्तर सैल करतें, असें २०१५ सालीं दोन स्वतंत्र अभ्यासांतून दिसून आलें. तेव्हां चूड शत्रूनें लावावी आणि वणवा आपल्याच माणसांनीं पसरवावा, असा हा संयुक्त प्रकार आहे.

रक्ताच्या या वाचनास आपल्या प्रांताची परंपरा आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां हाफकिन यांनीं भायखळ्यास बसून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हौसमध्यें आली, व १९२५ पासून ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. प्लेगचे रोगी ज्या आर्थर रोडच्या रुग्णालयांत नेत, तेंच आजचें कस्तुरबा रुग्णालय. सांथीच्या तापांचे रोगी आजही तेथें जातात. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ सालीं मुंबईंत असा एक रक्तगट हुडकला कीं जगानें त्यास या शहराचेंच नांव दिलें. त्याच सालीं पुण्यास विषाणु-संशोधन केंद्र निघालें, जें आज राष्ट्रीय विषाणु संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. देशांतील सरकारी रुग्णालयांतून डेंग्यूच्या प्रतिपिंडांची जी चांचणी होते, तिचें साहित्य ही संस्था पुरविते. आणि पश्चिम भारतांतील डेंग्यूच्या रोग्यांच्या रक्तांतील दाहकारक निरोप्यांवरील तिच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे हें ज्ञान सातासमुद्रांपलीकडचें नव्हे. आपल्याकडील खाटांवर पडलेल्या रोग्यांच्या रक्तांतूनही तें मिळालेलें आहे.

आतां सुज्ञ वाचक विचारतील कीं, या खुणा रक्तांत दिसतात, तर घरांत ताप आल्याबरोबर त्या तपासून घ्याव्या काय? दादरच्या रस्त्यांवर पांच पावलांवर एक प्रयोगशाळा आहे, आणि फेरिटिनसारखी तपासणी तेथें सहज होतेही. आमचें उत्तर असें कीं, घरच्यांनीं त्यामागें लागूं नये. डॉक्टरांस कांहीं विशेष कारण दिसलें तर ते सांगतील. या खुणा मोठ्या समुदायाचा अभ्यास करतांना सत्य सांगतात. परंतु आपल्या घरांतील अमुक मुलगा चौथ्या दिवशीं अत्यवस्थ होईल कीं नाहीं, हें दुसऱ्या दिवशीं खात्रीनें सांगेल अशी एकही खूण अद्याप सर्वमान्य झालेली नाहीं. त्यांचा मोठा उपकार निराळाच आहे. धोका कोठें आणि केव्हां असतो हें त्यांनीं दाखवून दिलें. आणि तो पाहण्यास साध्या सीबीसी तपासणींतील दोन आंकडे व घरच्या माणसाचे दोन डोळे बहुधा पुरेसे होतात.

त्या दोन आंकड्यांपैकीं प्लेटलेटचा आंकडा सर्वांस तोंडपाठ झालेला आहे. दीड लाखांच्या खालीं गेला कीं घरांत धांवपळ सुरू होते. कोणी पपईच्या पानांचा रस काढतो, कोणी बकरीचें दूध शोधीत फिरतो. दुसरा आंकडा मात्र कोणी पाहत नाहीं. रिपोर्टावर तो पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट या नांवानें छापलेला असतो. रक्तांत घट्ट भाग शेंकडा किती, हें तो सांगतो. वरण चुलीवर ठेवलें आणि पाणी आटत गेलें म्हणजे तें दाट होतें. डाळ वाढलेली नसते, पाणी कमी झालेलें असतें. तसेंच वाहिन्यांतून पाणी झिरपूं लागलें म्हणजे हा आंकडा चढतो. ४० चा ४८ झाला, म्हणजे पंचमांशानें वाढला, तर गळती चांगलीच चालू आहे असें समजावें. प्लेटलेट झपाट्यानें उतरत आहेत आणि हिमॅटोक्रिट चढत आहे, ही जोडी धोक्याची घंटा होय. पहिल्या दिवसांतील एक रिपोर्ट जपून ठेवावा तो याच कारणासाठीं. तुलना करावयास मूळ आंकडा हवा.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गिरगांवांतील चाळ, तीन पिढ्या एकत्र, गौरी जेवण्याचा दिवस. घरांतील सोळा वर्षांचा मुलगा चार दिवस तापानें फणफणला होता. त्या दिवशीं सकाळीं अंग थंड लागलें. घरांत आनंद झाला; वडील म्हणाले, गौरीच पावली. मुलगा आंतल्या खोलींत निजून होता. दुपारीं त्याची थोरली आत्या ताट घेऊन गेली आणि तशीच बाहेर आली.

"अरे, ताप नाहीं हें खरें, पण याचे तळवे बघ किती गार आहेत. आणि सकाळपासून मोरीकडे तरी गेला आहे का हा?"

"ताई, चार रात्री झोंपला नाहीं तो. आतां झोंपूं दे त्याला."

"ही झोंप नव्हे. हांक मारली तर ओ देतो, पण डोळे उघडत नाहीं. पोटावर हात ठेवूं देत नाहीं. आधीं टॅक्सी आण, मग पानावर बस."

आत्याबाई शाळेंत चौथीपर्यंतच शिकलेल्या. निओप्टेरिन हा शब्द त्यांनीं जन्मांत ऐकला नसेल. परंतु त्यांस जें दिसलें तेंच रुग्णालयांत रिपोर्टावर उमटलें. हिमॅटोक्रिट दुसऱ्या दिवशीं ४१ होता तो ५० झालेला होता. डॉक्टरांनीं रात्रभर तासातासानें नाडी, रक्तदाब व लघवी पाहून मोजून सलाईन दिलें. दुसऱ्या संध्याकाळीं मुलानें जेवावयास मागितलें. "आणखी चार तास काढले असते, तर आम्हांस फार थोडें करतां आलें असतें," असें डॉक्टर वडिलांस म्हणाले. त्या घरीं त्या दिवशींच्या नैवेद्याचें पान संध्याकाळपर्यंत तसेंच राहिलें. त्याचें वाईट कोणासच वाटलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, सेना बेफाम होते हें जर कळलें आहे, तर तिला आवरणारें औषध कां देऊं नये? हा प्रश्न योग्य आहे, आणि तो शास्त्रज्ञांनींही विचारला. व्हिएटनामांत हो चि मिन्ह शहरीं २२५ रोग्यांस तापाच्या आरंभींच प्रेडनिसोलोन हें स्टेरॉइड, किंवा नुसती दिखाऊ गोळी, देऊन पाहण्यांत आलें. २०१२ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधानें कांहीं लाभ झाला नाहीं. तसेंच प्लेटलेटचें. सिंगापूर व मलेशिया येथें प्लेटलेट २०,००० वर किंवा त्याहून खालीं गेलेल्या, परंतु रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रोग्यांवर प्रयोग झाला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, प्लेटलेट आगाऊ चढविल्यानें रक्तस्राव टळला नाहीं; उलट त्यांच्यापासून होणारे त्रास वाढले. तेव्हां रक्तस्राव होत नसतां नुसत्या आंकड्याच्या भीतीनें "प्लेटलेट चढवाच" म्हणून डॉक्टरांशीं हुज्जत घालणें, किंवा ओळखीच्या माणसाकडून स्टेरॉइडची गोळी आणून देणें, हीं दोन्ही हिताचीं नव्हेत.

खरें औषध म्हणजे योग्य वेळीं, योग्य मापानें दिलेलें पाणी. तेंही बेतानें, कारण गळती सुमारें २४ ते ४८ तास चालते आणि मग थांबते. थांबली म्हणजे झिरपलेलें पाणी आपोआप वाहिन्यांत परत येऊं लागतें. त्या वेळीं सलाईन पूर्वींसारखेंच चालू राहिलें तर छातींत पाणी भरून धाप लागते. म्हणून "अजून एक बाटली लावा" हा आग्रहही घरच्यांनीं करूं नये. एवढी साधी उपाययोजना, परंतु फळ पाहा. वेळेवर ओळखून नीट शुश्रूषा झाली तर घातक प्रकारांतही शंभरांत एकाहून कमी रोगी दगावतात. दुर्लक्ष झालें तर वीस किंवा अधिक.

आमच्या लिहिण्यानें कोणी उगाच भिऊं नये. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें जगांत वर्षाकाठीं ३९ कोटी लोकांस या विषाणूचा संसर्ग होतो, व त्यांपैकीं सुमारें ९ कोटी ६० लाखांसच तो जाणवतो. ज्यांस जाणवतो, त्यांतलेही बहुतेक आठवड्यांत हिंडूं-फिरूं लागतात. परंतु हा रोग गरीब-श्रीमंत पाहत नाहीं. २०१२ सालीं ऑक्टोबरांत चित्रपटसृष्टींतील प्रसिद्ध दिग्दर्शक यश चोप्रा यांचें मुंबईंतच डेंग्यूनें निधन झालें. म्हणून भय नको, पण पहारा हवा.

हा पहारा कसा ठेवावा तें सांगतों. ताप आला तो दिवस पहिला, अशी गणना करून भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करावी. पहिल्या पांच दिवसांत एनएस-१ ची तपासणी उपयोगी पडते; पुढें आयजीएम प्रतिपिंडांची. तापास पॅरासिटामॉल, तेंही डॉक्टरांनीं सांगितलेल्या मापानें. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन व तत्सम वेदनाशामक गोळ्या सर्वथा वर्ज्य, कारण त्यांनीं रक्तस्राव वाढतो. पेज, ताक, शहाळें, मीठ-साखरेचें पाणी, वरणाचें पाणी, जें रोचेल तें थोडें थोडें द्यावें. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरूं लागला म्हणजे पहारा सैल करूं नये, अधिक कडक करावा. पोटांत सतत व तीव्र दुखणें, थांबत नाहीं अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त, काळी शौचास, अस्वस्थ तळमळ किंवा असाधारण सुस्ती, गार व घामेजलेले हातपाय, धाप, सहा-सहा तास लघवी नाहीं, यांतलें एकही दिसलें तर सणवार, रात्र, पाऊस कांहीं न पाहतां रुग्णालय गांठावें. गरोदर स्त्रिया, तान्हीं मुलें, वृद्ध, मधुमेही आणि पूर्वीं डेंग्यू झालेले यांच्या बाबतींत तर आरंभापासूनच डॉक्टरांच्या नजरेखालीं राहावें.

बरें होणें आणि घात होणें यांतील भेद ओळखणें तितकेंसें कठीण नाहीं. ताप खरोखर बरा होऊन उतरला, तर मूल भूक लागली म्हणतें, हात उबदार असतात, लघवीस जातें, आजीशीं हुज्जत घालतें. ताप उतरला आणि मूल गप्प झालें, तर तें गप्प बसणें चांगलें नव्हे. आपल्या एकत्र कुटुंबांत दुखणेकऱ्याजवळ बसावयास माणसांची वाण नसते. वाण असते ती एकानें जबाबदारी घेण्याची. सर्वांचें लक्ष आहे असें प्रत्येकास वाटतें, आणि प्रत्यक्षांत कोणाचेंच नसतें. म्हणून त्या दोन दिवसांकरितां घरांतील एका माणसाकडे हें काम नांव घेऊन सोंपवावें. त्यानें एका कागदावर वेळ घालून तीन गोष्टी लिहाव्या: किती प्याला, लघवीस केव्हां गेला, हातपाय गरम कीं गार. डॉक्टरांपुढें हा कागद ठेवला तर त्यांचें अर्धें काम होतें.

शेवटीं डांसाविषयीं एक शब्द. हा पट्ट्यापट्ट्यांचा एडीस डांस दिवसा चावतो आणि गटाराच्या घाण पाण्यांत नव्हे, तर आपल्या घरच्या स्वच्छ सांठवलेल्या पाण्यांत अंडीं घालतो. चाळीच्या गॅलरींतील झांकण नसलेलें पिंप, कुंडीखालची ताटली, शिक्रेटरच्या खोलीमागें पडलेला जुना टायर, गच्चीवरील सताड उघडी टाकी, हीं त्याचीं सूतिकागृहें. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सुमारें आठवडा लागतो. म्हणून आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून, घांसून, कोरडीं करून ठेवावीं. घांसून म्हणण्याचें कारण असें कीं, त्याचीं अंडीं भांड्याच्या कडेस चिकटून पाण्यावांचूनही महिनोन्‌महिने टिकतात. शनिवार मारुतीचा, सोमवार शंकराचा, तसा एक वार पिंपाचा ठरवावा. आणि तो एका बिऱ्हाडानें पाळून चालत नाहीं, साऱ्या मजल्यानें पाळावा लागतो.

रक्तांतील यादवी पाहण्यास सूक्ष्मदर्शकें व यंत्रें लागतात. तीं परळास आहेत, पुण्यास आहेत, आणि तेथील लोक आपलें काम करीत आहेत. आपणांकडे जें काम येतें तें एवढेंच कीं, ताप उतरल्याच्या आनंदांत दोन दिवस दुखणेकऱ्याचे हात हातांत घेऊन पाहावे. या भाद्रपदांत ज्यांच्या घरीं ताप असेल, त्यांनीं हें पान कापून त्या दिनदर्शिकेशेजारीं लावून ठेवावें.